तिसऱ्या ट्रम्पेटच्या खुर्चीवरून

चिरंजीव मुलीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. अमेरिकन क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या जॅझ बँडने १६ जानेवारी १९३८ च्या रात्री न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवलेले 'सिंग, सिंग, सिंग' तू ऐकलेस, त्यात जीन क्रुपाचे ड्रम तेवढे मनापासून ऐकलेस आणि बाकीचे पुढे सरकवलेस, हे तू प्रांजळपणे कळवले आहेस. बारा मिनिटांचे हे वादन लोक अजून का ऐकतात, असा तुझा प्रश्न आहे. मी उभ्या आयुष्यात, लग्नाच्या हॉलपासून ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओपर्यंत, बहुतेक वेळ तिसरा ट्रम्पेट वाजवला, म्हणजे जिच्याकडे श्रोते फारसे पाहत नाहीत अशा खुर्चीवर बसलो. तेव्हा माझे उत्तर त्याच खुर्चीवरून येणार, हे धरून चाल.

तू ड्रम शिकतेस, म्हणून क्रुपापासूनच सुरुवात करतो. त्या काळच्या स्विंग, म्हणजे नाचाच्या जॅझ, बँडमध्ये ड्रमवाला लय मुख्यतः झांजांवर खेळवीत असे. येथे मात्र क्रुपा टॉम-टॉमवर, म्हणजे खोल घुमणाऱ्या ड्रमवर, उतरतो आणि तो घुमारा जवळजवळ सबंध रचनेच्या तळाशी चालू ठेवतो. त्याच्यावर तीन ट्रम्पेट, दोन ट्रॉम्बोन आणि चार सॅक्सोफोन आपापले छोटे तुकडे आळीपाळीने फेकत राहतात. मूळ गाणे गायक लुई प्रिमाचे, १९३६ चे. पण या बँडने ते रोज वाजवता वाजवता इतके वाढवले की, १९३७ च्या जुलैमध्ये मुद्रण करताना बारा इंची तबकडीच्या दोन्ही बाजू त्यास द्याव्या लागल्या. एरवी एक गाणे तीन मिनिटांत, एका बाजूवर आटोपत असे. असे वाढलेले गाणे पसरट होण्याचा धोका असतो. ते तसे झाले नाही, कारण मागे बसलेल्या माणसांनी आपले तुकडे आखूड ठेवले आणि वेळेवर थांबवले. वेळेवर थांबणे हे वाजवण्याहून अवघड काम आहे. एकदा मी अर्धी मात्रा जास्त रेंगाळलो, तेव्हा अख्ख्या ऑर्केस्ट्राला पुन्हा पहिल्यापासून वाजवावे लागले होते, आणि त्या दिवशीचा चहा मला कोणी विचारला नाही.

आता ज्या जागी तू गाणे पुढे सरकवलेस, तेथे परत जा. हॅरी जेम्सचा ट्रम्पेट होऊन गेला आहे. गुडमनची क्लॅरिनेट क्रुपाच्या ड्रमच्या सोबतीने वर चढत जाते आणि शेवटी एका अतिउंच स्वरावर पोहोचते; तो स्वर मात्र तो अगदी हलक्या फुंकरीने लावतो. सभागृह टाळ्यांच्या तयारीत असताना पियानोवर बसलेला जेस स्टेसी वाजवू लागतो. त्याचे एकल वादन ठरलेले नव्हते. त्या रात्री बहुतेक वेळ त्याने ठेका धरण्याचेच काम केले होते. आता सुमारे दोन मिनिटे तो एकाच मायनर स्वरसंगतीवर, तानपुऱ्याच्या षड्जावर कोणी आलाप करावा तसा, शांतपणे फिरत राहतो. कधी चर्चमधल्या प्रार्थनेसारखे काही ऐकू येते, कधी फ्रेंच पियानोसंगीताची छाया पडते. मागे क्रुपा आहेच, पण इतका दबलेला की कान लावल्याशिवाय तो सापडत नाही. माझ्या मते या वादनाचे आयुष्य त्या दोन मिनिटांत आहे. गोंगाटाने माणसे नाचायला उठतात. त्या गोंगाटाच्या पोटातून असे एकांताचे काही निघाले की ती पुन्हा पुन्हा ऐकायला येतात.

त्या रात्रीचे कौतुक करणारे लोक इतिहासही सांगतात, आणि तो खरा आहे: अभिजात संगीताच्या त्या सभागृहात नाचाचे संगीत वाजले, टेडी विल्सन आणि लायनेल हॅम्प्टन हे कृष्णवर्णीय वादक गोऱ्या गुडमनच्या छोट्या संचात बसले, काउंट बेसी आणि ड्यूक एलिंग्टन या कृष्णवर्णीय बँडप्रमुखांचे वादकही मंचावर आले. हे सारे महत्त्वाचे आहे, पण केवळ महत्त्वासाठी कोणी बारा मिनिटे बसून राहत नाही. ध्वनिमुद्रणाच्या तबकड्या बारा वर्षे गुडमनकडे पडून होत्या. १९५० साली त्या बाजारात आल्या तेव्हा नाचाच्या बँडांची सद्दी संपत आली होती, तरीही त्या खपल्या. त्या मुद्रणात खरखर आहे, टाळ्या आहेत, आणि कार्यक्रमाच्या पहिल्या रचनेत तर बँड चक्क बिचकलेला वाटतो. मला हे दोष पुसलेले नको आहेत.

या संगीताची धग आपल्याकडेही लवकर पोहोचली होती. १९३० च्या दशकातच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेहून आलेले वादक जॅझ वाजवीत होते, आणि पुढे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेटसारखे गोव्याकडचे वादक सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात बसले. ट्रम्पेटांचे ते आखूड, धारदार तुकडे हिंदी गाण्यांत ऐकलेस, तर त्यांचे गोत्र तुला ओळखता येईल.

आता काम सांगतो. आठवडाभर ड्रमस्टिक हातात न घेता हे वादन रोज एकदा पूर्ण ऐक. एके दिवशी फक्त बेस, म्हणजे खर्जाचे तंतुवाद्य, ऐक, एके दिवशी ट्रॉम्बोन. रविवारी वही घेऊन बस आणि स्टेसी वाजवीत असताना क्रुपा कोणत्या मात्रा सोडून देतो, तेवढ्याच लिहून काढ. ती वही घेऊन ये. माझ्याकडची जुनी वही मी काढून ठेवतो, दोन्ही शेजारी ठेवून पाहू.

तुझा,
जुना ट्रम्पेटवाला