अमेरिकेतली सगळ्यात कमी लोकसंख्येची काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) कोणती, आणि तिथे एवढी कमी माणसं का राहतात?

टेक्सासमधली लव्हिंग काउंटी, २०२० च्या जनगणनेत तिथे फक्त ६४ माणसं मोजली गेली. म्हणजे आपल्याकडे एका चाळीत याहून जास्त निघतील, आणि क्षेत्रफळ बघाल तर साधारण १,७५० चौ. किमी, मुंबईच्या जवळजवळ तिप्पट! न्यू मेक्सिकोच्या सीमेला लागून, पश्चिमेला पेकोस नदी, बाकी सगळा कोरडा सपाट माळ न् झुडपं. नदी आहे पण पाणी खारट, त्यामुळे मेंटोन या मुख्य गावात पूर्वी पिण्याचं पाणीसुद्धा बाहेरून गाडीने आणायचे, मग शेती कुठून होणार आणि माणूस टिकणार कसा? १९२० च्या दशकात तेल सापडलं तेव्हा वस्ती वाढली, १९४० ला २८५ पर्यंत गेली होती, नंतर अधूनमधून थोडी वाढली तरी एकंदरीत उतरत गेली. जनगणनेचे आकडे सगळ्यांना खुले आहेत, तिथूनच घेतलेत. फक्त एक लक्षात घ्या, हे ६४ म्हणजे कायमचे रहिवासी, तेलविहिरींवर कामाला येऊन ट्रेलरमध्ये राहणारे कामगार यात सहसा धरत नाहीत कारण त्यांची मोजणी त्यांच्या घरच्या पत्त्यावर होते, त्यामुळे रस्त्यावर ट्रकांची रांग दिसली तर गोंधळू नका.