तबेल्यात एका घोडीला सर्दी-खोकला झालाय, बाकीच्यांना लागू नये म्हणून काय करू?

तुम्ही लिहिलंय की घोडी खोकतेय, नाकातून पिवळा शेंबूड येतोय आणि तिला शेवटच्या ठाणावर नेऊन बांधलंय. बरं केलंत, पण तेवढ्याने भागत नाही. आमच्याकडे आजारी घोडा असाच लांब बांधला होता, तरी आठवड्याभराने मधले सगळे सोडून पार दुसऱ्या टोकाचा घोडा तापला! शोधता शोधता सापडलं काय, तर पाण्याचा पाईप. मोतद्दार बादली भरताना पाईपचं तोंड पाण्यात बुडवायचा आणि तोच पाईप तसाच पुढच्या बादलीत. तेव्हा तिची बादली, खरारा, मोरकी, फावडं सगळं वेगळं ठेवा, रंगाची पट्टी मारा म्हणजे घाईत अदलाबदल होत नाही. माणूसही वेगळा असेल तर उत्तमच, नसेल तर आधी निरोगी घोड्यांचं काम उरकायचं आणि तिच्याकडे सगळ्यात शेवटी जायचं, नंतर हात धुऊन कपडे-बूट बदलायचे.

आता मुख्य गोष्ट, जी लोक कंटाळा करून सोडून देतात. बाकीच्या सगळ्यांचा ताप रोज सकाळ-संध्याकाळ मोजा. थर्मामीटरला दोरी बांधून चिमट्याने शेपटीला अडकवा, नाहीतर हरवतो नाहीतर फुटतो. १०१.५ फॅरेनहाइटच्या वर गेला की तो घोडा त्याच दिवशी बाजूला. स्ट्रँगल्समध्ये (तोच, जबड्याखाली गाठ येऊन फुटते तो) ताप आधी येतो आणि नाकातून जंतू पडायला पुढे दोनेक दिवस लागतात, म्हणजे शेंबूड दिसायची वाट बघितलीत तर ही संधी गेली. इन्फ्लुएंझा मात्र एवढा वेळ देत नाही, एक ते तीन दिवसांत ताप-खोकला सुरू आणि खोकल्याबरोबर हवेतून लांबपर्यंत जातो, म्हणून एकाच छपराखाली ठेवून उपयोग नाही. नेमकं काय आहे ते कळायला डॉक्टरांकडून नाकाचा स्वॅब घ्याच, मनाने अँटिबायोटिक देत बसू नका. तोवर एकही घोडा बाहेर नको, नवा आतही नको. एरवीसुद्धा नवा घोडा तीन आठवडे वेगळा ठेवायचा असतो.

ठाणात जंतुनाशक फवारण्याआधी लीद-माती साबणाने धुवून काढा, घाणीवर जंतुनाशक ओतणं म्हणजे पैसे गटारात.

आणि घोडी बरी दिसली म्हणून लगेच परत आणू नका. स्ट्रँगल्स निघाला तर घशाजवळच्या पिशव्यांमध्ये, गटरल पाऊच म्हणतात त्यांना, जंतू महिनोन्महिने लपून राहू शकतात, घोडा ठणठणीत दिसतो, दाणा खातो आणि इतरांना आजार देत राहतो. डॉक्टरांना दुर्बीण घालून त्या पिशव्या धुतलेलं पाणी पीसीआरला (जंतू शोधायच्या तपासणीला) पाठवायला सांगा, निगेटिव्ह आलं की मगच तिला जुन्या ठाणावर बांधा.