चेहरा लाल झाला तर?

"मॅडम, चेहरा लाल होऊ नये म्हणून एखादी गोळी असते का?" फोंड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की आता दारातून येणाऱ्याची खाली गेलेली मान पाहूनच तो कळतो. त्यांतल्या एकाची गोष्ट सांगते, ओळख बदलून.

हा तरुण डिचोलीकडचा, पतसंस्थेत काउंटरवर बसणारा. एका बैठकीत साहेबांनी अचानक त्याचं नाव घेतलं, चेहरा तापला आणि शेजारचा म्हणाला, "बघा, टोमॅटो झाला!" सगळे हसले. तेव्हापासून तो डबा एकटाच खाऊ लागला. दाढी वाढवली. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरच्या आरतीत घुमट (मातीचं तालवाद्य) वाजवायचा, तेही सोडलं. समईचा उजेड थेट तोंडावर पडतो म्हणे.

मी विचारलं, "लाल झालात, तर काय होईल?"

"लोक बघतील."

"बघितलं तर?"

"त्यांना वाटेल, ह्याच्यात दम नाही."

"वाटलं तर?"

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "तसं वाटताच कामा नये."

तिथेच मी थांबले. 'लाल झालो नाही तर बरं' ही इच्छा झाली. 'होताच कामा नये' हा हुकूम. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं. हुकूम मोडला तर धडकी भरते, आणि धडकी भरली की चेहऱ्याच्या कातडीखालच्या रक्तवाहिन्या आणखी रुंदावतात. त्या आपल्या हुकमतीत नाहीतच. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस १९५५ पासून हेच सांगत आले, आणि इतक्या वर्षांच्या कामानंतर मला ते अधिकच पटतं: त्रास लालीचा कमी, हट्टाचा जास्त.

चौथ्या भेटीत मी म्हटलं, "आत्ता, माझ्यासमोर, जमेल तितकं लाल होऊन दाखवा. तीन मिनिटं." त्याने गुडघे घट्ट धरले, श्वास कोंडला. वेळ संपल्यावर मी आरसा दिला. चेहरा नेहमीसारखाच गव्हाळ! तो खळखळून हसला, आणि हसता हसता त्याचे कान लालबुंद झाले.

"आता झालात," मी म्हटलं.

त्याने आरशात निरखून पाहिलं. "एवढंच?"

हा 'एवढंच' ऐकण्यासाठीच मी हे काम करते. (बोलावलं की भीती पळते, ही युक्ती मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रांकल यांची.)

तुम्हालाही ही भीती असेल, तर लपवणं आधी थांबवा. दाढी, पावडर, खाली घातलेली मान, यांनी भीती पोसली जाते. "माझा चेहरा पटकन लाल होतो," हे आपणच सांगून टाका. लक्ष गालांवरून काढून समोरच्याच्या बोलण्यावर ठेवा. लाली सतत राहत असेल, आग होत असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. लाली थांबावी म्हणून घामाच्या नसांवरची शस्त्रक्रिया करून घेण्याची घाई नको; त्यानंतर अंगावर इतरत्र भरपूर घाम फुटू शकतो. आणि डार्विनने १८७२ मध्ये लाजून लाल होण्याला सगळ्यांत मानवी अभिव्यक्ती म्हटलं होतं, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगते.

चवथ झाल्यावर तो आला. आरतीत घुमट घेऊन बसला होता. चुलत बहीण ओरडली, "तोंड तांबडें जालां मरे तुजें!"

"मग तुम्ही काय केलंत?"

"म्हटलं, अजून होईल. आणि वाजवत राहिलो."