बार्सिलोनाजवळ समुद्रकिनारी हॉटेल घेताना

पहिल्यांदाच जाताय, तर हॉटेलचे फोटो नंतर बघा, आधी नकाशा उघडा आणि रेल्वे स्टेशन शोधा. दिवसभर साग्रादा फामिलिया चर्च वगैरे पाहून संध्याकाळी किनाऱ्यावर परतायचं असेल, तर सगळं लोकल गाडीवर अवलंबून असतं.

माझी पहिली पसंती सिट्जेस, हे किनाऱ्यावरचं गाव. बार्सिलोनातल्या पासेज दे ग्रासिया स्टेशनवरून थेट गाडी मिळते, साधारण पाऊण तासाचा प्रवास. स्टेशनातून उतारावरच्या गल्ल्यांतून चालत दहा-पंधरा मिनिटांत समुद्र. गाव देखणं आहे, पण फेब्रुवारी-मार्चमधला कार्निव्हल आणि ऑक्टोबरचा चित्रपट महोत्सव या दिवसांत खोल्या महाग होतात.

लहान मुलं बरोबर असतील तर कास्तेलदेफेल्स बरं. वाळू रुंद, विमानतळ जवळ, मात्र विमानांचा आवाज येतो. तिथे दोन स्टेशनं आहेत. किनाऱ्याचं म्हणजे ‘प्लात्जा दे कास्तेलदेफेल्स’. दुसऱ्यावर उतरलात तर बॅगा ओढत बरंच चालावं लागेल.

उत्तरेला मातारो, कालेयाच्या बाजूला हॉटेलं बरेचदा स्वस्त पडतात. तिथे रूळ किनाऱ्याला अगदी लागून जातात. यातली बार्सिलोना ते मातारो लाइन तर 1848 सालची. झोप हलकी असेल तर समुद्राकडची खोली मागण्याआधी विचार करा. त्याच बाजूच्या योरेत दे मार गावाला रेल्वेच नाही, बसने जावं लागतं.

पर्यटक कर माणशी, दर रात्रीचा असतो आणि बहुतेकदा हॉटेलात वेगळा भरावा लागतो. जेवणही उशिरा मिळतं, रात्री साडेआठच्या आत फारशी आशा नको. म्हणून मुलांसाठी फ्रिज असलेली खोली आवर्जून घ्या.