स्लॅब निखळला, आणि बिल्डर म्हणतो ‘तुमचा माझा करारच नाही’

प्रश्न : दीड वर्षापूर्वी रीसेलमध्ये फ्लॅट घेतला. प्रकल्प महारेरात (राज्याच्या गृहनिर्माण नियामक प्राधिकरणात) नोंदलेला आहे. मूळ मालकांना ताबा मिळाला त्याला आणखी दोन महिन्यांनी पाच वर्षे होतील. हॉलच्या स्लॅबचा तुकडा पडून गंजलेल्या सळया दिसू लागल्या आहेत. बिल्डर म्हणतो, ‘तुमच्याशी माझा करार नाही, हमी एकच वर्षाची होती, आणि आधीच्या मालकांनी बाथरूमच्या टाइल्स बदलल्या आहेत.’ काय करावे?

उत्तर : आधी तारीख सांभाळा. रेरा कायदा, २०१६ च्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत दोष निदर्शनास आणला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. न केल्यास भरपाई द्यावी लागते. ही मुदत दोष कळवण्याची आहे, तक्रार दाखल करण्याची नव्हे. पण ती मूळ मालकांच्या ताब्यापासून मोजली जाते, तुमच्या खरेदीखतापासून नाही. त्यामुळे हे दोन महिने फोनवरच्या आश्वासनांत घालवू नका.

नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टने करारातल्या आणि महारेरावर नोंदलेल्या अशा दोन्ही पत्त्यांवर पाठवा, ईमेलही करा. दिसते तेवढेच लिहा : कोणत्या खोलीत, किती लांबी-रुंदीचा भाग निखळला, किती सळया उघड्या आहेत, आणखी कुठे तडे किंवा ओल आहे. कारणाचा तर्क लिहू नका. तो चुकला तर बिल्डरचा वकील त्यावरच बोट ठेवेल.

‘करार नाही’ हा बचाव टिकणारा नाही. रेराच्या कलम २(डी) मधल्या ‘अलॉटी’च्या, म्हणजे ज्याला घर दिले त्याच्या, व्याख्येत विक्रीने नंतर हक्क मिळवणाराही येतो. सर्वोच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये लॉरिएट बिल्डवेल प्रकरणात नंतरचा खरेदीदार मूळ खरेदीदाराच्या जागी येतो हे मानले. वाद ताब्यातल्या विलंबाचा होता, तरी तत्त्व तुमच्या उपयोगाचे आहे. आणि एक वर्षाच्या हमीचे कलम कायद्याने दिलेली पाच वर्षे कमी करू शकत नाही.

टाइल्सचा मुद्दा मात्र गांभीर्याने घ्या. महाराष्ट्रातल्या आदर्श करारात (बिल्डर-खरेदीदार कराराच्या सरकारी नमुन्यात), बिल्डरच्या लेखी संमतीशिवाय बाथरूममध्ये फेरबदल करून गळती झाल्यास दोषदायित्व, म्हणजे दोष दुरुस्त करण्याची बिल्डरची जबाबदारी, संपते, असे कलम असते. म्हणून निखळलेला भाग बाथरूमपासून किती दूर आहे आणि तिथे ओल आहे का, हे तज्ज्ञाच्या अहवालात स्पष्ट यायला हवे. त्याच करारात तापमानातल्या फरकाने भिंतींवर पडणारे केसासारखे तडे नैसर्गिक झीज धरले आहेत, पण आरसीसी ढाचा (सळया घातलेल्या काँक्रीटचा सांगाडा) त्यातून वगळला आहे. तुमचा स्लॅब ढाच्यातच मोडतो.

अहवाल स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या. पाच वर्षांत सळई गंजते तेव्हा बहुधा कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, कमी असते, काँक्रीट सच्छिद्र असते किंवा त्यात क्षार असतात. कव्हर मोजून घ्या : आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार सौम्य वातावरणात २० मिमी, १२ मिमीपर्यंतच्या सळईला १५ मिमी चालते. कोअर (स्लॅबमधून कापून काढलेले काँक्रीटचे नमुने) काढले तर सरासरी ताकद ठरलेल्या ग्रेडच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या ताकदीच्या, किमान ८५ टक्के हवी आणि एकही नमुना ७५ टक्क्यांखाली नको. तोवर स्वतः प्लास्टर करू नका. पुरावा त्याखाली झाकला जाईल. धोका असेल तर टेकू द्या, सैल काँक्रीट काढा, तुकडे तारीख लिहून पिशवीत जपा आणि शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा.

३० दिवस उलटले की दुरुस्तीच्या आदेशासाठी महारेराकडे तक्रार करा. भरपाईचा अर्ज मात्र कलम ७१ खालच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्यासमोर चालतो. इथे बिल्डर निष्काळजी होता हे सिद्ध करत बसावे लागत नाही. दोष बांधकामातला आहे एवढे दाखवावे लागते. म्हणूनच निष्काळजीपणाच्या दिवाणी दाव्यापेक्षा मी तुम्हाला हा मार्ग सुचवेन. ग्राहक आयोगाचा पर्याय आहेच, पण तिथली मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. इतर घरांतही हेच होत असेल तर सोसायटीलाही स्वतंत्र नोटीस पाठवायला लावा; बीम-कॉलम सगळ्यांचे आहेत.

बिल्डरने माणसे पाठवली तर आत घ्या, पण काम पूर्ण होण्याआधी ‘समाधानकारक’ अशा कागदावर सही करू नका. गंज साफ करून सळईला गंजरोधक लेप आणि वर पॉलिमर मॉर्टर, ही किमान पद्धत. नुसते सिमेंट थापायला आले तर त्याच दिवशी ईमेलने हरकत नोंदवा.