घरच्या वायफायवर बँकेऐवजी भलतंच पान उघडतं. राऊटर हॅक झालाय का?

तुमच्या प्रश्नातली कामाची गोष्ट अशी: घरच्या वायफायवर दोन फोन आणि लॅपटॉप, तिन्हीकडे बँकेच्या जागी लॉटरीचं पान येतं आणि मोबाइल डेटावर तेच फोन नीट चालतात. तिघं एकदम, एकाच तऱ्हेने बिघडणं अवघड. संशय राऊटरवरच घ्या.

सोसायटीतल्यांचे राऊटर मी अधूनमधून बघून देतो. ‘नेट स्लो झालंय, हॅक झालं वाटतं’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पासवर्ड शेजारच्या पोरांना ठाऊक असतो, एवढंच. जोडलेल्यांच्या यादीत अनोळखी नाव दिसलं तरी लगेच घाबरू नये. हल्लीचे फोन मॅक पत्ता (यंत्राचा ओळख क्रमांक) बदलून जोडले जातात, त्यामुळे घरातलाच फोन परका वाटतो. तुमचं प्रकरण मात्र तसलं नाही.

आधी पैशाचं बघा. त्या पानावर कुणी पासवर्ड टाकला असेल, तर मोबाइल डेटावरून तो लगेच बदला आणि बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर राऊटर राहू द्या, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

आता राऊटरचं पान उघडा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, नाहीतर यंत्राखालच्या स्टिकरवर बघा. तिथे डीएनएस शोधा. साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगतो तो हा. चोराने इथे आपला सर्व्हर बसवला की बरोबर नाव टाकूनही तुम्ही भलतीकडे जाता. वॅन (बाहेरच्या इंटरनेटची बाजू) आणि डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणारा भाग), दोन्ही जागा तपासा. दुसरी बरेच जण विसरतात. ८.८.८.८ गुगलचा, १.१.१.१ क्लाउडफ्लेअरचा, हे दिसले तर हरकत नाही. डीएचसीपीत राऊटरचा स्वतःचाच पत्ता असेल तरी चालतं. बाकी कुठले आकडे दिसले तर त्यांचा फोटो काढा आणि ‘हे तुमचेच का?’ असं नेट कंपनीला विचारा.

नुसतं बंद-चालू करून भागणार नाही, कारण डीएनएस ही साठवलेली सेटिंग आहे. २०१६ चं मिराई हे मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) यंत्राच्या तात्पुरत्या मेमरीत राहायचं, बंद केलं की जायचं. पण कारखान्याचा पासवर्ड तसाच असला की थोड्या वेळात परत यायचं. २०१८ मध्ये ५४ देशांतल्या किमान ५ लाख यंत्रांत सापडलेल्या व्हीपीएनफिल्टर या मालवेअरचा पहिला टप्पा तर रीबूटलाही पुरून उरायचा.

म्हणजे रीसेटच करायचा, पण राऊटरवरचं ते रीसेटचं भोक दाबायची घाई नको. आपल्याकडच्या बऱ्याच फायबर जोडण्यांना पीपीपीओईचा (नेट कंपनीकडे लॉगिन करायचा) युजरनेम-पासवर्ड लागतो, कधी व्हीलॅन आयडी हा जोडणीचा क्रमांकही. रीसेटमध्ये हे पुसलं जातं, आणि रविवारी संध्याकाळी केबलवाला फोन उचलत नाही. आधी त्याच्याकडून सगळं लिहून घ्या.

मग इंटरनेटची वायर काढा, लॅपटॉप लॅन केबलने जोडा, रीसेट करा आणि नेट परत जोडण्याआधीच अ‍ॅडमिनचा, म्हणजे राऊटरच्या पानाचा, पासवर्ड बदला. वायफायचा पासवर्ड निराळा. तोही बदला, पण दोन्हीला एकच देऊ नका. रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राऊटर चालवायची सोय) आणि डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद ठेवा. सेटिंगचा जुना बॅकअप चढवू नका, त्यातून चोराचा डीएनएसही परत येईल. शेवटी नेट जोडून फर्मवेअर (राऊटरमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा. यंत्र नेट कंपनीचं असेल तर हे काम त्यांच्या गळ्यात टाका. जुनाट मॉडेल असेल तर बदलूनच मागा.

एवढं करूनही डीएनएस पुन्हा बदलला, तर चोर घरातल्याच एखाद्या फोनमध्ये बसलेला असू शकतो. २०१६ च्या अखेरीस कॅस्परस्कीला सापडलेलं ‘स्विचर’ हे अँड्रॉइड मालवेअर फोनमधूनच राऊटरचे सोपे पासवर्ड लावून बघायचं आणि डीएनएस बदलायचं. तेव्हा प्ले स्टोअरबाहेरून कुणी कुठलं अ‍ॅप टाकलंय ते घरात विचारा, ते काढा आणि मगच राऊटर पुन्हा रीसेट करा.