पार्किंगमध्ये प्लग पॉइंट नसेल तर कार पॉलिश कशी करावी?

तुमचा प्रश्न असा: गाडी उघड्यावर उभी असते, जवळपास वीज नाही, रंगावर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात. मग बॅटरीवर चालणारं पॉलिशर घ्यावं, गाडीच्याच बॅटरीला इन्व्हर्टर जोडून साधं मशीन चालवावं, की सरळ हातानं घासावं?

आधी उत्तर सांगतो. इन्व्हर्टरचा नाद सोडा. दोन बॅटऱ्यांचं कॉर्डलेस डीए पॉलिशर (ड्युअल अॅक्शन, म्हणजे ज्याचं पॅड गोल फिरता फिरता हेलकावेही घेतं) घ्या आणि काम दोन-तीन दिवसांत वाटून करा. मशीन घ्यायचं नसेल तर हातानंही बरंच काम होतं, फक्त त्यासाठीचं कंपाउंड, म्हणजे बारीक कणांची घासायची पेस्ट, वेगळं लागतं.

आता विजेचा हिशोब. मशीनवर ७०० किंवा ९०० वॅट छापलेलं असतं. तो कमाल भाराचा आकडा झाला. ५ इंची पॅड लावून मध्यम वेगावर काम केलं तर प्रत्यक्षात ३०० ते ४०० वॅट खर्च होतात. छोट्या हॅचबॅकचा रंगवलेला पत्रा साधारण ७-८ चौरस मीटर धरा. ४५ सेंमी बाजूचा एक चौकोन म्हणजे ०.२ चौरस मीटर, म्हणजे असे ३५ ते ४० चौकोन झाले. एका चौकोनाला चार मिनिटं धरली तर मशीन नुसतं चालू राहण्याचा वेळच अडीच तास होतो. ३०० वॅटनं अडीच तास, म्हणजे ७५० वॅट-तास. कुठलाही पर्याय याच आकड्याशी ताडून बघायचा.

इन्व्हर्टर इथेच बाद होतो. मशीन ४०० वॅट घेत असेल, तर इन्व्हर्टरमधली गळती धरून १२ व्होल्टच्या बॅटरीतून जवळजवळ ४० अँपिअर ओढले जातात. लहान गाडीची बॅटरी ३५ ते ४५ अँपिअर-तासांची असते, आणि ती स्टार्टरला क्षणभर जोरदार करंट देण्यासाठी बनवलेली असते, तासभर पिळून काढण्यासाठी नाही. अर्ध्या तासात ती इतकी उतरेल की गाडी सुरू होणार नाही. इंजिन चालू ठेवलं तर? आयडलिंगला अल्टरनेटर पूर्ण ताकदीनं करंट देत नाही. शिवाय बॉनेट तापतं आणि त्यावर पॉलिश लावताक्षणी सुकतं. आणि सगळ्यात मजेशीर अडचण म्हणजे क्लॅम्प बॅटरीला लावायचे तर बॉनेट उघडं ठेवावं लागतं, म्हणजे जिथे सर्वांत जास्त काम आहे तो पत्राच हातचा जातो. बंदिस्त जागेत इंजिन चालू ठेवणं तर जिवावर बेतू शकतं, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. स्वस्त इन्व्हर्टरमधून मॉडिफाइड साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत नसलेली, पायऱ्यापायऱ्यांची वीज निघते, तिच्यावर वेग-नियंत्रण असलेलं पॉलिशर गुरगुरतं, वेग खालीवर होतो आणि मोटर तापते.

लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायची १२ व्होल्टची ‘कार पॉलिशर’ मिळतात, तीही यासाठी घेऊ नका. त्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते २० अँपिअरचा, म्हणजे ताकद १२० ते २४० वॅट. ही यंत्रं मेण पसरवायला ठीक आहेत. ओरखडा काढायला जरा दाब दिला की थांबतात.

पोर्टेबल पॉवर स्टेशन (प्लग पॉइंट असलेली मोठी बॅटरीची पेटी) आधीच जवळ असेल तर उत्तम. १००० वॅट-तासांचं, प्युअर साइन वेव्ह असलेलं स्टेशन वायरवालं मशीन दोन-अडीच तास चालवतं. सतत देण्याची क्षमता मशीनवर छापलेल्या वॅटपेक्षा जास्त हवी आणि मशीन सॉफ्ट-स्टार्टचं, म्हणजे हळूहळू वेग घेणारं असावं, नाहीतर बटण दाबताच स्टेशन ट्रिप होतं. जनरेटरनंही काम होतं, पण आवाज आणि धूर पाहता एका गाडीसाठी मी सुचवणार नाही. जवळच्या कुणाकडून वायर मिळणार असेल तर १.५ चौरस मिमीची तीन कोअरची घ्या आणि रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर भाराखाली तापते.

आता कॉर्डलेस. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तासांच्या एका बॅटरीत ९० वॅट-तास मावतात. भाराखाली ती १८ ते २० मिनिटं टिकते, म्हणजे चार-पाच चौकोन. पूर्ण गाडीला अशा आठ-नऊ भरलेल्या बॅटऱ्या लागतील. इतक्या कुणी विकत घेत नाही आणि घ्यायची गरजही नाही. पॉलिशिंग कुठल्याही पॅनेलनंतर थांबवता येतं, हाच इथला मोठा फायदा. आज दोन बॅटऱ्यांत बॉनेट आणि एक फेंडर, त्या घरी चार्जिंगला लावायच्या, उद्या छप्पर, परवा दरवाजे. बॅटरी गरम असताना चार्जरला लावू नका, बरेच चार्जर ती थंड होईपर्यंत चार्जिंग सुरूच करत नाहीत. बॅटरीचा जोर आडव्या पत्र्यांवर आणि डोळ्यांसमोर येणाऱ्या दरवाजांवर खर्च करा. दरवाजांचा खालचा भाग आणि बंपर हातानं केले तरी चालतं.

मशीन घेताना ब्रशलेस मोटर आणि ५ इंची बॅकिंग प्लेट (जिच्यावर पॅड चिकटतं ती चकती) बघा. थ्रो, म्हणजे पॅडच्या हेलकाव्याची रुंदी, १५ मिमीचा असेल तर सपाट पत्रा भराभर होतो, पण वळणावर पॅड फिरायचं थांबतं. गाडीला वळणं जास्त असतील तर ८ मिमी बरा. बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करनं एक रेघ ओढा. रेघ फिरताना दिसली तर पॅड फिरतंय. नुसती थरथरताना दिसली तर दाब जास्त झालाय किंवा पॅड तिरकं पडलंय, आणि तेवढा वेळ बॅटरी फुकट जातेय.

घरातल्या ड्रिलला पॅड लावून गाडी घासण्याचा सल्ला अनेकजण देतात. ड्रिल नुसतं गोल फिरतं, हात जरा तिरका झाला की पॅडची एकच कड घासते आणि रंगावर चक्राकार वळ उमटतात. आडव्या दाबासाठी ड्रिलचं बेअरिंगही बनवलेलं नसतं. ७५ मिमीचं पॅड लावून हेडलाइटच्या काचा उजळायला मात्र ते चांगलं.

पूर्वतयारीला वीज लागतच नाही, आणि निम्मा निकाल तिथेच ठरतो. दोन बादल्या घ्या, एकीत शांपू, दुसरीत मिट (धुण्याचा हातमोजा) खळबळायला साधं पाणी. पाणीही जपून वापरायचं असेल तर रिन्सलेस वॉश, म्हणजे नंतर पाण्यानं धुवावं न लागणारं द्रावण घ्या. बाटलीवरचं प्रमाण बघा. बरेचदा ते १:२५६ असतं, म्हणजे ४ लिटरला साधारण १५ मिली. मात्र चिखल बसलेल्या गाडीवर ते थेट वापरू नका. मग तळवा फिरवून बघा. खरखर लागली तर भरपूर ल्युब्रिकंट (निसरडा फवारा) टाकून क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण उचलणारी मऊ वडी, फिरवा. क्ले खाली पडला तर तो तुकडा टाकून द्या, परत वापरायचा नाही. रबराच्या पट्ट्या, काळं प्लास्टिक आणि पत्र्याच्या धारदार कडा मास्किंग टेपनं झाका, कारण कडेवर रंगाचा थर सर्वांत पातळ असतो.

त्यानंतर नख फिरवा. ओरखड्यात नख अडकलं तर तो पॉलिशनं जाणार नाही, त्याच्या मागे लागू नका. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो आणि प्रत्येक रबिंगमध्ये त्यातला एखाद-दोन मायक्रॉन जातो. हा साठा परत भरत नाही. मॅट फिनिशची गाडी असेल तर यातलं काहीच करायचं नाही.

वेळ सकाळची निवडा. पत्र्यावर तळवा आरामात टेकवता आला पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश दोन मिनिटांत सुकून चिकटतं. ओरखडे दिसायला प्रखर एलईडी टॉर्च तिरकी धरा. ढगाळ उजेडात सगळंच छान दिसतं आणि ऊन पडलं की पितळ उघडं पडतं.

मशीननं करताना कट (ओरखडे घासणारं) आणि फिनिश (चमक आणणारं) अशी दोन पॉलिशं घेण्याच्या भानगडीत पडू नका, बॅटरी दुप्पट लागेल. एकाच टप्प्यात काम करणारं मध्यम पॉलिश आणि मध्यम फोम पॅड घ्या. पहिल्यांदा पॅडच्या पूर्ण तोंडावर पॉलिश पातळ चोळून घ्या, त्यानंतर प्रत्येक चौकोनाला वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. पॅड पत्र्यावर टेकवूनच बटण दाबा, नाहीतर शिंतोडे उडतात. आधी कमी वेगावर पसरवा, मग ६ पैकी ४ किंवा ५ वर न्या. हात सेकंदाला साधारण ५ सेंमी सरकवा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा, एकदा आडवं एकदा उभं, अशा चार फेऱ्या. दाब मशीनच्या वजनापेक्षा थोडाच जास्त. शेवटची फेरी जवळजवळ बिनदाबाची.

पहिला चौकोन झाला की तिथेच पुसून टॉर्च मारून बघा. ओरखडे राहिले असतील तर आधी पॅड एक पायरी कडक घ्या, त्यानंही भागलं नाही तर पॉलिश बदला. संपूर्ण बॉनेट झाल्यावर हे कळून उपयोग नाही. बॅटरीचा शेवटचा दिवा उरला की नवा चौकोन सुरू करू नका. काही मशीनचा वेग तिथे उतरतो, काही मधेच बंद पडतात आणि अर्धवट फिरलेलं पॉलिश पत्र्यावर धुरकट राहतं. प्रत्येक चौकोनानंतर पॅड नायलॉनच्या ब्रशनं साफ करा. त्यात साचलेला रंग आणि सुकलेलं पॉलिश नवे ओरखडे पाडतात. एका गाडीला किमान चार पॅड ठेवा. ओलं, चिंब झालेलं पॅड कापत नाही, नुसतं तापतं.

हातानं करणार असाल तर कंपाउंडची निवड हाच कळीचा मुद्दा. काही कंपाउंडमधले कण घासताना फुटत बारीक होत जातात, आणि ते फोडण्याइतका दाब, वेग हाताला जमत नाही. मग मोठे कण तसेच राहून रंगावर धूसरपणा येतो आणि लोक म्हणतात हातानं होतच नाही. न फुटणाऱ्या, एकसारख्या बारीक कणांचं, बाटलीवर ‘हातानंही वापरता येईल’ असं लिहिलेलं कंपाउंड घ्या. मऊ स्पंजाऐवजी कडक फोमचा किंवा मायक्रोफायबरचा अॅप्लिकेटर, तोही तळहाताएवढा. बोटांच्या टोकांनी दाबू नका, चार बोटांचे चार पट्टे उमटतात. सपाट तळव्यानं दाबा. चौकोन ३० सेंमीचा, २५-३० हात आडवे आणि तितकेच उभे, सरळ रेषेत. गोल गोल फिरवलं तर राहिलेल्या खुणा कुठल्याही कोनातून दिसतात. एका चौकोनाला अशा दोन-तीन आवृत्त्या लागतील. सकाळी एक बॉनेट झालं तरी पुष्कळ. बारीक जाळी बरीचशी जाते, फिका पडलेला रंग उठतो, खोल ओरखड्यांच्या कडा मऊ होतात. गडद रंगावर वरून बारीक फिनिशिंग पॉलिशचा एक हात हवाच.

पॅनेल झालं की एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तीन भाग पाणी फवारून स्वच्छ मायक्रोफायबरनं पुसा. तेलकट पॉलिश ओरखडे तात्पुरते झाकतं, ते निघून गेलं की खरं काय उरलंय ते दिसतं. समाधान झालं तर त्याच दिवशी त्या पॅनेलवर सीलंट (रंगाचं रक्षण करणारा लेप) लावा. बाकीची गाडी उद्या-परवा होणार असली तरी नुकता घासलेला रंग उघडा ठेवू नका. पुढच्या दिवशी सुरू करताना मात्र धूळ आधी धुऊन काढा आणि शेजारचं झालेलं पॅनेल टेपनं कडेकडेनं झाका, नाहीतर कालचं सीलंट आजच्या पॉलिशनं निघून जाईल.